डावीकडून सात जण

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात सगळ्यांत धोक्याचा मजकूर म्हणजे फोटोओळ. अग्रलेख चुकला तर फार तर एखादं पत्र येतं. फोटोओळीत नाव राहिलं तर माणूस स्वतः येतो, बहुतेक वेळा दोघांना बरोबर घेऊन. सांगलीत डेस्कवर काम करताना माझी बरीच वर्षं या एका ओळीवर पहारा देण्यात गेली. 'डावीकडून' असं लिहायचं, फोटोतली डोकी मोजायची, खालची नावं मोजायची, दोन्ही जुळलं की पान छपाईला सोडायचं. तरीही चूक झालीच तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची. फोटो पहिल्या पानावर असला तरी दुरुस्ती आतल्या पानावर जाते, लहान टायपात. तशी पद्धत आहे.

पुढची हकिगत एका चित्राची आहे. त्यातली डोकी मीच मोजली होती.

माझा धाकटा भाऊ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाला. उंब्रजच्या अलीकडे, महामार्ग सोडून आत, आमच्या उसाच्या रानाला लागून त्यानं बंगला बांधला. गावातलं जुनं घर वाटणीत चुलत्यांकडं गेलं. नव्या घरात तो, त्याची बायको, मुलगा, मुलगी, आमची आई आणि आमची आत्ती राहायला जाणार होती. वडील चार वर्षांपूर्वी गेले. आत्ती त्यांची पाठची बहीण. तिचं लग्न म्हसवडकडच्या घरात झालं होतं. वर्ष भरायच्या आत नवरा तापानं गेला आणि सासरच्यांनी तिला आणून सोडलं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आमच्याकडं पुन्हा लग्न लावून द्यायची रीत नव्हती. ती राहिली. आई लग्न होऊन या घरात आली त्याआधीपासून आत्ती इथं होती.

आई रानात असायची आणि आत्ती घरात. त्यामुळे शाळेतून आल्यावर आम्ही हाक मारायचो ती आत्तीला. भावाला गोवर आला तेव्हा त्याला मांडीवर घेऊन बसलेली तीच मला आठवते. मी सांगलीला कॉलेजला निघाले तेव्हा तिनं डब्याबरोबर एका फडक्यात चुलीतली राख बांधून दिली होती, वसतिगृहात भांडी घासायला. मला त्याची लाज वाटली. ती पुडी मी एसटी स्टँडवर टाकून दिली.

जुन्या घरात सोप्याच्या भिंतीवर फोटोंची रांग होती. आजोबा, आजी, वडील, भावाचा भरतीनंतरचा फोटो, माझ्या लग्नातला मोठा फोटो, भावाच्या लग्नातला त्याहून मोठा. हे फोटो पुसायचं काम आत्तीचं. दर गुरुवारी ती स्टुलावर चढायची, ओल्या फडक्यानं काच पुसायची, मेलेल्यांच्या फोटोवरचे चंदनाचे हार झटकून परत घालायची. यातल्या एकाही फोटोत ती नव्हती. लपलेली गोष्ट नव्हती ही. रोज दिसत होती, मी नोंदली नव्हती, एवढंच. शुभकार्यात फोटोवाला 'घरचे सगळे या' म्हणाला की विधवा बाई बाजूला होते. तिला कुणी सांगावं लागत नाही. आत्तीला तेवढ्यातच आत काहीतरी बघायचं असायचं.

वडील गेल्यावर आईही विधवा झाली. पण आमच्या बारशापासून नातवंडांच्या वाढदिवसापर्यंत ज्यांनी तिला पुढं उभं राहिलेलं पाहिलं होतं, त्यांनी तिची खुर्ची तिथंच ठेवली. काळ बदलला, असं सगळे म्हणाले. तो आईपुरता बदलला होता.

बंगल्याच्या हॉलमध्ये एक लांब भिंत मोकळी राहिली. भावानं अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये मोठमोठी तैलचित्रं पाहिली होती आणि तसं काहीतरी त्याला हवं होतं. त्यानं मला फोन केला. वर्तमानपत्रात काम केलेल्या बहिणीला चित्रातलं कळत असणार, असा त्याचा समज. सीनरी नको, धबधबा नको, पळणारे सात घोडे तर अजिबात नकोत, ते प्रत्येक बंगल्यात असतात, असं त्यानं बजावलं. खानदानी काहीतरी बघ, म्हणाला.

मी मोबाईलवर शोधलं. जुन्या चित्रांच्या प्रती छापून विकणाऱ्या एका संकेतस्थळावर एक चित्र सापडलं. एकोणिसाव्या शतकातलं, नेदरलँड्समधलं, एका कुटुंबाचं. खाली लिहिलं होतं की हव्या त्या मापात, कागदावर किंवा कापडावर छापून मिळेल. चित्रातला कुटुंबप्रमुख काळ्या कोटात खुर्चीवर बसला होता, एक हात टेबलावर. टेबलावर गालिच्यासारखं जाड कापड. त्याच्या मागं उभा मोठा मुलगा. मध्ये काळ्या रेशमी झग्यातली बायको, डोक्याला लेसची टोपी. तिच्याशेजारी सून असावी अशी बाई. उजवीकडे उभी असलेली तरुण मुलगी निळ्या झग्यात होती, हातात गाण्याचा कागद, केसांत पांढरी फुलं. पुढं जमिनीवर एक मुलगा खेळण्यातलं गलबत घेऊन आणि एक मुलगी कुत्र्याच्या मानेवर हात टाकून. खिडकीतून पावसाळी दिवसासारखा उजेड येत होता. कुणी हसत नव्हतं, पण कुणी दुःखीही दिसत नव्हतं. सगळे जण जागच्या जागी होते.

मी ते भावाला पाठवलं. त्याचा फोन लगेच आला.

"ही कुणाची मानसं?"

नेदरलँड्समधलं एक कुटुंब आहे, नावं कुणालाच माहीत नाहीत, असं मी सांगितलं.

"मग माझ्या हॉलमदी कशाला? वास्तुशांतीला पावणं इचारतील, ही कोन, तर काय सांगू? भाडेकरू?"

मग त्यालाच सुचलं. त्याच्या एका सहकाऱ्यानं राजदरबाराच्या चित्रात स्वतःच्या घरच्यांचे चेहरे बसवून घेतले होते. तसं करता येईल का, म्हणाला. चित्र हेच, माणसं आपली. वडीलही येतील. नातवंडं झाल्यावर वडिलांबरोबर सगळ्या घराचा असा एकही फोटो नव्हता, कारण भाऊ कायम सीमेवर कुठंतरी असायचा. हे ऐकल्यावर आईलाही ते हवंसं वाटलं.

सांगलीत, विश्रामबागेत माझ्या घराजवळ डिजिटल छपाईचं एक दुकान आहे. वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फलक हा त्याचा मुख्य धंदा. दुकानदार चाळिशीचा, बोलका माणूस. संकेतस्थळाकडून चित्राची मोठी प्रत मिळवू, चेहरे मी बसवतो, कापडावर छापून तैलचित्रासारखं दिसेल असं करून देतो, असं त्यानं सांगितलं. फक्त कुणाचा चेहरा कुठं ते नीट लिहून पाठवा, म्हणाला.

त्यानं हे सांगायची मला गरज नव्हती. मी चित्र समोर ठेवलं आणि डोकी मोजली. सात. मग नावं लिहिली. वडील, त्यांच्यामागं भाऊ, मध्ये आई, तिच्याजवळ भावजय, निळ्या झग्यात मी, खाली भाचा आणि भाची. सात. जुळलं. घरातली माणसं मोजली नाहीत. चित्रातली मोजली आणि त्यांना पुरतील एवढी घरातली उचलली. लग्न होऊन तीस वर्षांपूर्वी त्या घरातून गेलेली मी त्यात बसले, आणि मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

पुढचे काही दिवस दुकानदार आणि भाऊ यांच्यातच बोलणी चालली. वडिलांच्या डोक्यावर फेटा पाहिजे, असा भावाचा आग्रह. डच गृहस्थाला फेटा मिळाला. आईचा फोटो वडील असतानाचा निवडला, कपाळावर ठसठशीत कुंकू असलेला. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याचा चेहरा गलबतवाल्या पोराच्या अंगावर बसवण्यासाठी दुकानदारानं त्याची दाढी-मिशी काढली. माझा फोटो लग्नाच्या अल्बममधला घेतला, कारण आत्ताचा निळ्या झग्यावर बसेना.

छपाईच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला. वास्तुशांतीच्या जेवणाचं, आचाऱ्याचं, कुणाकुणाला साडी घ्यायची याचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "वन्संना कुठं बसवलंस गं?"

वन्सं म्हणजे आत्ती. नवऱ्याच्या बहिणीला आई आयुष्यभर याच नावानं हाक मारत आली आहे.

"आहे की आत्ती," मी म्हणाले.

ती नव्हती. फोन ठेवला आणि लगेच दुकानात लावला. अजून एक माणूस घ्यायचंय, असं सांगितलं. दुकानदार म्हणाला, बरं झालं, मी विचारणारच होतो, मागं दारात एक बाई रिकामी राहिलीय. मी चित्र मोठं करून पाहिलं. डाव्या कडेला, वडिलांच्या खुर्चीमागं अर्धवट उघडं दार होतं आणि दारात अंधारात एक मोलकरीण उभी होती. डोक्याला पांढरी टोपी, पुढं पांढरा एप्रन, हातात चहाचा ट्रे. मोबाईलच्या पडद्यावर ती मला दिसली नव्हती. ही सबब आहे. डावीकडून मोजायचं तर पहिलं डोकं तिचंच होतं.

दुसरीकडं कुठं जागा होणार नाही का, असं मी विचारलं. होईल, पण अंग, कपडे, उजेड सगळं नवीन जोडायला लागेल, उद्या छपाईला सोडायचंय, घाईत केलं तर चिकटवल्यासारखं दिसेल, असं त्याचं म्हणणं. दारातल्या बाईवर चेहरा आरामात बसतोय.

"बसवा," मी म्हणाले.

आत्तीचा फोटो शोधायला लागलो तेव्हा कळलं की फोटोच नाही. आधार कार्डावरचा होता, तो कुणाचाही असू शकला असता. शेवटी भावजयीनं मोबाईलमधला एक पाठवला. आत्ती सुपात तांदूळ निवडत बसली होती, कुणीतरी हाक मारल्यावर मान वर करून अर्धवट हसलेली. टोपी ठेवू का, असं दुकानदारानं विचारलं. पदर द्या, असं मी सांगितलं. तेवढी दक्षता मी घेतली.

वास्तुशांतीच्या दिवशी चित्र हॉलमध्ये टांगलेलं होतं, वर शाल. होम झाला, भाऊ आणि भावजय जोडीनं उठले, मग आईच्या हातून शाल काढली. चित्र उत्तम छापलं होतं. खिडकीतला तो पावसाळी उजेड वडिलांच्या फेट्यावर पडला होता. आईनं पुढं जाऊन त्यांच्या हातावर बोट ठेवलं. हात त्यांचा नव्हता, पण तिनं ठेवलं.

मग चेष्टा सुरू झाली. भावाबरोबर पलटणीत असलेले एक हवालदार म्हणाले, "सुभेदार, तुमी तर लाटसायेब झाला की. पेन्शन आता कुठल्या राणीची घ्यायची म्हनं?" भाच्याला त्याचे मित्र गलबतावरून पिडायला लागले. माझ्याकडं बघून एक चुलती म्हणाली की अक्काला फुलं माळलेली बघून किती वर्षं झाली. भाऊ खुशीत होता. त्यानं कुणाचीतरी काठी घेतली आणि नकाशा समजावतात तसं एकेकाला दाखवायला लागला. हे वडील. ह्यो मी. ही आई. सातवर येऊन त्यानं काठी खाली घेतली.

पलीकडच्या वस्तीवरच्या एक म्हाताऱ्या बाई चित्राच्या अगदी जवळ गेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आन् ही दारात कामवाली कोन रं?" मग चष्मा वर करून पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "अगं बया, ही तर आत्ती."

दोघंतिघं हसले. मग थांबले. आई माझ्याकडं बघत होती. मी भिंतीकडं बघत होते.

आत्ती मागच्या अंगणात आचाऱ्यापाशी होती. आईनं स्वतः जाऊन तिला आणलं. का आणलं हे मी तिला विचारलेलं नाही. कदाचित दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं, असं तिला वाटलं असेल. आत्ती पदराला हात पुसत आली आणि चित्रासमोर उभी राहिली. आधी तिनं वडिलांकडं पाहिलं. मग आईकडं.

"वैनीचं कुकू ठेवलंया त्ये ब्येस केलं," ती म्हणाली. "दादा शेजारी हाय न्हवं."

मग तिला स्वतःचा चेहरा दिसला. तिनं तो बराच वेळ पाहिला. हॉलमधल्या बायका उगाच मुलांना जवळ घ्यायला लागल्या.

"ह्यो च्या कुणाला न्हेतीया मी?"

ती माझ्याकडं वळली.

"ताट माझ्याच हातात दिलंस व्हय गं? बरं केलंस. मोकळ्या हातानं उभं ऱ्हायचं मला कुठं ठावं हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. आईनं भावाला चित्र उतरवायला सांगितलं. भाऊ स्टूल ओढायला गेला तेव्हा आत्तीनं त्याचा दंड धरला.

"ऱ्हाऊ दे रं. पयल्यांदा फोटूत आलीया, आन् लगी उतरिवतोस?"

एवढं बोलून ती परत आचाऱ्याकडं गेली, कारण पहिली पंगत बसायची होती.

जेवणं उरकल्यावर अंगणात हात धुताना भाऊ माझ्याशेजारी आला. तो सैन्यातल्या माणसासारखा थोडक्यात बोलतो. म्हणाला, "अक्का, मोजायचं काम तुझं हुतं." मी हो म्हणाले. त्याच्या लक्षात तरी कुठं आलं होतं, आठ दिवस तो फेट्याच्या रंगावर दुकानदाराशी बोलत होता, असं मला म्हणता आलं असतं. त्यालाही ते माहीत होतं. म्हणूनच तो लगेच निघून गेला.

आई माझ्याशी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलली. आम्ही दोघी नव्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसलो होतो. माझ्या लग्नाची गोष्ट तिनं काढली. त्या दिवशी आत्तीनं नवी साडी नेसली होती, मोरपंखी, वडिलांनी आणलेली. फोटोवाला घरच्यांचा मोठा फोटो घेत होता तेव्हा आत्ती दारापर्यंत आली. फोटोवाला परगावचा, त्याला काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, या मावशी, इकडं उभ्या राहा. आत्तीनं एक पाऊल आत टाकलं.

"मी म्हनलं, वन्सं, जरा भात बघता का?" आई म्हणाली. "भात कवाच झाला हुता."

मग म्हणाली की तिला कायम वाटायचं, वन्संनाच ते नको असतं. असं वाटून घेणं सोपं होतं. ते सांगताना ती रडली नाही. पायरीवरचा सिमेंटचा वाळका डाग नखानं खरवडत राहिली.

त्या लग्नाचा तो फोटो मी अल्बममध्ये शेकडो वेळा पाहिला असेल. चित्रातला माझा चेहरा त्यातूनच घेतलेला.

सांगलीला परतल्यावर मी दुकानात गेले आणि दुसरी प्रत काढायला सांगितली. चेहऱ्यांची अदलाबदल करायची होती. निळ्या झग्यात आत्ती, दारात ट्रे घेऊन मी. दुकानदारानं दोनदा विचारून खात्री केली. म्हातारा चेहरा तरुण अंगावर जुळणार नाही, सुरकुत्या थोड्या काढू का, असंही विचारलं. नको, मी म्हणाले. पुन्हा एवढं मोठं छापू का, असं त्यानं विचारलं तेव्हा मी लहान माप सांगितलं. आधीचं चित्र भिंतीवर आहे, घरात एकाच मापाची दोन कशाला, असा विचार त्या वेळी केला होता. आत्ता लिहिताना तो विचार तितका साधा वाटत नाही.

गणपतीच्या आधी मी उंब्रजला गेले. आत्तीची खोली स्वयंपाकघराला लागून आहे. एक कॉट, एक लोखंडी कपाट, खिडकीतून ऊस दिसतो. ती लसूण सोलत होती. मी गुंडाळी उलगडून कॉटवर पसरली आणि दोन्ही टोकांना हात ठेवून बसले. तिनं लसणाचे हात पदराला नीट पुसले.

"ही कोन?"

"तूच."

"आन् ताट घेतल्याली?"

"मी."

ती हसली. "तुला च्या तरी येतुया का करायला?"

मग ती वाकली. हातात कसला कागद आहे, असं विचारलं. गाण्याचा, असं मी सांगितलं. म्हणजे मी गाणं म्हणतीया, असं ती स्वतःशीच म्हणाली. झग्याच्या निळ्या रंगावरून तिनं बोट फिरवलं, अगदी कडेकडेनं, ओल्या रंगाला लागू नये तसं. ते केसांपर्यंत आलं आणि थांबलं.

"फुलं हायत."

मला ते आधी लक्षात यायला हवं होतं. तिच्या डोक्यात फूल मी कधी पाहिलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी तिची फुलं सुटली तेव्हा मी जन्मलेही नव्हते. परसात मोगरा होता. तो तोडायची ती, गजरे ओवायची ती. माळायला आम्ही होतो. मी घाईनं म्हणाले की चित्रातली आहेत ती, दुकानदाराकडून काढून घेता येतील.

"काढू नगंस," ती म्हणाली.

मग विचारलं, "कसली हायत?"

पांढरे गुलाब असावेत, असं मी सांगितलं. तिनं मान हलवली. स्वयंपाकघरातून भावजयीनं लसूण मागितला. दिला तिनं, आणि परत येऊन दार लोटून घेतलं.

मी तिला सांगितलं की हॉलमधलं मोठं चित्र उतरवू आणि हे लावू. लहान दिसलं तर मोठं छापून आणते. भावाशी मी बोलले होते, त्याची ना नव्हती. आत्ती ऐकून घेत होती, पण हात चित्राची गुंडाळी करत होते. चपातीची कड सारखी करावी तशी दोन्ही टोकं जुळवत.

"आत्ता न्हाई," ती म्हणाली. "ह्ये लोकास्नी दावायचं न्हाई. माझ्या मागं लाव."

मी काहीतरी बोलायला लागले.

"माझ्या मागं लाव," तिनं पुन्हा सांगितलं. "तवा कोन काय म्हनंल त्ये मला ऐकू यायचं न्हाई."

तिनं मला कपाट उघडायला लावलं. खालच्या कप्प्यात साड्या होत्या. त्यांत एक मोरपंखी होती, घडी न मोडलेल्यासारखी. तिच्याखाली गुंडाळी ठेवायला सांगितली. मी ठेवली.

मोठं चित्र हॉलमध्ये आहे. दर गुरुवारी आत्ती त्यावरची धूळ झटकते. भावानं पाहुण्यांना चित्र दाखवायची पद्धत बदलली आहे. आता तो दारापासून सुरू करतो. दिवाळीत मी गेले होते तेव्हा साताऱ्याहून त्याचे दोन मित्र सपत्नीक आले होते. सगळे सोफ्यांवर बसलो होतो, आईसुद्धा. भाऊ उठून चित्रापाशी गेला आणि म्हणाला, "डावीकडनं पयली, ही आमची आत्ती." पाहुण्यांनी चित्राकडं पाहिलं, मग कौतुकानं इकडंतिकडं पाहिलं. आत्ती तेव्हाच आतून चहाचा ट्रे घेऊन आली. एका पाहुणीला दोन्हीतलं साम्य गमतीचं वाटलं आणि तिनं तसं म्हटलं. आत्तीही हसली.

ती एकेकापुढं ट्रे धरत माझ्यापर्यंत आली. मी उठून ट्रे घ्यायला हवा होता. सवयीनं कप मोजले. सगळ्या माणसांना पुरतील एवढे होते, तिचा सोडून.

"घे की, निवतोय," ती म्हणाली.

मी घेतला.